पांदणीवरचा एक तास

पाच-सात वर्षांच्या खंडानंतर सायकलीवर परत बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात एक जुनी वही उघडी असते. रामटेकला जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर आपण किती वेळात करत होतो, काटोल रोडच्या चढावर कोणता गिअर पुरायचा, तेव्हा वजन किती होतं, कोणाच्या पुढे होतो आणि कोणाच्या मागे, हे सगळं त्या वहीत तारीखवार लिहिलेलं असतं. आता तर ती वही डोक्यात ठेवायचीही गरज उरलेली नाही. स्ट्राव्हासारखं ॲप त्याच रस्त्यावरचा तुमचाच जुना वेग तुमच्या पुढ्यात आणून मांडतं. खंड पडण्याची कारणं साधी असतात. बदली, बाळंतपण, घरातलं आजारपण, गुडघा, वाढलेला व्यवसाय. 2020 च्या टाळेबंदीत हौसेने सायकली घेतल्या आणि दोन वर्षांत त्या गॅलरीत उभ्या केल्या, असेही पुष्कळ. परतायची इच्छा या सगळ्यांची खरी असते, आणि तरीही कित्येकांचं परतणं एका हिवाळ्यात विझून जातं. मी स्वतः परतलेल्यांपैकी आहे. जे अंगावर घेतलं आणि त्यानंतर जे वाचलं, तपासलं, त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे: परतणाऱ्याला शरीर जेवढं अडवत नाही तेवढी ही वही अडवते. म्हणून परतताना सायकलिंगचा असा प्रकार धरावा, जिथे वहीतला एकही आकडा लागू पडणार नाही. सायक्लोक्रॉस हा तसा प्रकार आहे, आणि नागपूरभोवतीची जमीन त्याला इतकी सोयीची असूनही तो इथे रुजला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सायक्लोक्रॉस म्हणजे शेतं, कुरणं, चिखल, वाळू आणि छोटे चढ यांतून आखलेल्या अडीच-तीन किलोमीटरच्या वाटेवर फेऱ्या मारण्याची शर्यत. मध्ये फळ्या आडव्या लावलेल्या असतात, उंची फार तर 40 सेंटिमीटर. तिथे आलं की सायकलवरून उतरायचं, सायकल उचलायची, उडी मारून पलीकडे जायचं आणि धावता धावता परत बसायचं. चढ फारच उभा असेल तर सायकल खांद्यावर घेऊन चढायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये हा खेळ आकाराला आला. तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1902 ची, आणि तिच्यामागे दानिएल गूसो नावाचा सैनिक होता. 1910 ची टूर द फ्रान्स जिंकणारा ऑक्ताव लापीझ आपल्या यशाचं श्रेय हिवाळ्यातल्या या चिखलातल्या शर्यतींना देत असे, आणि त्यामुळे रस्त्यावरचे सायकलपटूही तिकडे वळले. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1950 मध्ये पॅरिसला झाली. आज बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये सप्टेंबर ते फेब्रुवारी हा खेळ घरोघरी पाहिला जातो. माझ्या मुद्द्यासाठी मात्र इतिहासापेक्षा एक नियम महत्त्वाचा आहे. ही शर्यत अंतरावर चालत नाही, घड्याळावर चालते. वरच्या गटात साधारण एक तास, हौशी आणि वयस्क गटांत चाळीस मिनिटांच्या आसपास. वेळ भरत आली की शेवटच्या फेरीची घंटा होते, विजेता रेषा ओलांडतो, आणि बाकीचे आपापली चालू फेरी संपवून थांबतात. हौशी शर्यतीत शेवटचा माणूसही पहिल्यापाठोपाठ काही मिनिटांतच थांबतो. फरक फक्त फेऱ्यांच्या संख्येत.

आता नागपूरची सायकलिंगची परंपरा पाहा. ती अंतराची आहे, आणि अभिमान वाटावा अशी आहे. डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्याने, ठरलेल्या 12 दिवसांच्या आत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक अशी नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियन शर्यतही संपवली. नाशिकच्या महाजन बंधूंनी त्याआधी 2015 मध्ये दोघांच्या संघाने अमेरिका पार केली होती. या माणसांनी महाराष्ट्रातल्या हौशी सायकलस्वाराची कल्पनाशक्ती ताणून मोठी केली. त्याच्या जोडीला ब्रेव्हे आल्या, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या सायकलफेऱ्या. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत, आणि हे सगळं जमलं की चार वर्षांनी एकदा येणारं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. ब्रेव्हे ही शर्यत नाही, तिथे कोणी पहिला-दुसरा नसतो, हे मला ठाऊक आहे आणि तिच्यातलं ते सौजन्य मला आवडतं. पण परतणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तिच्यात एक अडचण आहे. तिची सगळी भाषा किलोमीटरची आहे. गेल्या खेपेला 300 केलेल्या माणसाला 200 ही माघार वाटते, आणि 60 किलोमीटरची सकाळ तर सांगण्यासारखीही वाटत नाही. वही तिथे क्षणोक्षणी उघडी असते.

शरीराचं काय होतं, हे आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये सात कसलेल्या धावपटू-सायकलपटूंचा सराव 84 दिवस बंद ठेवून मोजमापं घेतली. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत 7 टक्क्यांनी घसरली, आठेक आठवड्यांत 16 टक्क्यांपर्यंत खाली गेली आणि मग तिथेच स्थिरावली. कधीच सराव न केलेल्या माणसांपेक्षा ती तेव्हाही वरच होती, आणि स्नायूंमधलं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तर कमी झालंच नव्हतं. याहून बोलका दाखला डॅलसचा आहे. 1966 मध्ये तिथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवण्यात आलं. त्यांची क्षमता सुमारे चौथ्या हिश्शाने घटली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले गेले. वजन वाढलेलं, चरबी दुपटीवर गेलेली, पण क्षमतेतली घट सुमारे 11 टक्के. म्हणजे तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने जेवढं नुकसान केलं, तेवढं तीस वर्षांच्या वयाने केलं नव्हतं. मग त्या पन्नाशीतल्या माणसांकडून सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला सराव करून घेतला, आणि ते विशीतल्या, सरावाआधीच्या पातळीला परत पोचले. ही बातमी म्हणून सगळीकडे सांगितली जाते. तिच्या पोटातली दुसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते, आणि मला तीच मोलाची वाटते. विशीत, अंथरुणातून उठल्यावर करून घेतलेल्या सरावाने जी वाढ झाली होती तिच्यात हृदयाचा वाटा मोठा होता, दर ठोक्याला जास्त रक्त. पन्नाशीत हृदयाची कमाल तशी वाढली नाही. स्नायू येणाऱ्या रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घ्यायला शिकले. आकडा तोच, पण तो गाठणारं शरीर वेगळं.

माझं सगळं म्हणणं या एका निष्कर्षाला टेकून उभं आहे. जुन्या वहीतला आकडा पुन्हा गाठता येतो की नाही, हा प्रश्नच मग दुय्यम होतो, कारण गाठला तरी तो पूर्वीच्या शरीराबद्दल काही सांगत नाही. उलट तो फसवतो. परतल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुधारणा झपाट्याने वाटते. रक्तातला द्रव भराभर वाढतो, नाडी खाली येते, दम पुरायला लागतो. माणसाला वाटतं, जुने दिवस आले. स्नायुबंध आणि कंडरा मात्र महिन्यांच्या हिशेबाने बळकट होतात. दमाने पुढे पळायचं आणि टाचेच्या, गुडघ्याच्या कंडरेने मागे राहायचं, अशी ही ओढाताण असते, आणि परतणाऱ्यांची बहुतेक दुखणी या फटीतच जन्म घेतात असं मला वाटतं. सपाट डांबरी रस्ता ही फट झाकून ठेवतो. तिथे पाय एकाच चक्रात तासन्‌तास फिरतात, वेग काट्यावर दिसतो, आणि वहीतल्या वेगाशी बरोबरी करायचा मोह सुटत नाही. वर्धा रोडवर वारा पाठीशी असेल तर वहीतला आकडा जुळूनही जातो. दुसऱ्या दिवशी गुडघा बोलतो.

पांदण ही फट उघडी करते. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगते: पांदण म्हणजे वावरांमधून, शेतांमधून जाणारी, दोन्हीकडे धुरे (बांध) आणि बोरी-बाभळी असलेली बैलगाडीची वाट. तिच्यावर मुरूम पडलेला असतो, नाही तर तोही नसतो. मध्ये नाला आडवा येतो, कुठे रपटा (बुटका पूल) असतो, कुठे नुसते दगड. नागपूर हे दोन खडकांच्या सांध्यावर वसलेलं शहर आहे. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, अंबाझरी, हिंगण्याकडचा भाग हा दख्खनच्या बेसॉल्टचा इथला पूर्वेकडचा पदर; तिथून पूर्वेला आणि ईशान्येला, रामटेक-मनसरच्या अंगाला, त्याहून कितीतरी जुने नाईससारखे खडक उघडे पडतात. त्यामुळे तासाभराच्या टप्प्यात माती तीनदा पोत बदलते. बेसॉल्टची काळी कन्हार, टेकड्यांवरची बरड मुरमाड जमीन, आणि नाल्याकाठची रेती. बेल्जियममध्ये सायक्लोक्रॉसची वाट आखणारे लोक वाळू आणून ओततात, माती उपसून चढ उभे करतात. इथे ते सगळं पडलेलं आहे. आणि इथे वेगाच्या आकड्याला अर्थ उरत नाही. काल ताशी 14 ने गेलेली पांदण आज पावसानंतर 8 ने जाते, आठवड्याने बैलगाड्यांनी चाकोऱ्या खोल केल्या की 6 ने. स्ट्राव्हाने कितीही मांडणी केली तरी दोन दिवसांची तुलना होत नाही, मग दहा वर्षांपूर्वीची कुठून होणार? उरतं ते आजचं शरीर आणि आजची माती.

आणि उतरणं. रस्त्यावरच्या सायकलस्वाराला चढावर उतरून चालणं म्हणजे नामुष्की वाटते. परतणारा माणूस तर मोडून पडेल पण उतरणार नाही, कारण पूर्वी तो उतरत नव्हता. सायक्लोक्रॉसमध्ये उतरणं हे कौशल्य आहे. उजवा पाय मागून फिरवून डाव्या बाजूला आणायचा, चालत्या सायकलवरून जमिनीवर पाऊल टाकायचं, फ्रेमची आडवी नळी पकडून सायकल उचलायची, आणि हे सगळं वेग न मोडता. जगज्जेतेही उतरतात. जो माणूस खेळाचा भाग म्हणून उतरायला शिकतो, तो रपट्यावर पाणी दिसलं तर उतरेल, छातीत धडधड जास्त वाटली तर उतरेल, गुडघा कुरकुरला तर उतरेल. परत येणाऱ्याला याहून मोठं संरक्षण कोणतं हेल्मेट देईल, मला माहीत नाही. (हेल्मेट अर्थातच घालावं.) या खेळात तासाचीही सोय आहे. ब्रेव्हेच्या सरावाला पहाटे चारला निघून दुपारी परतणं ज्यांना शक्य असतं त्यांच्या घरी दुसरं कोणीतरी डबे भरत असतं, हे आपण मोकळेपणाने म्हणत नाही. बाळंतपणानंतर परतणाऱ्या बाईच्या वाट्याला सकाळचा एक तास येतो, तोही मिळाला तर. ज्या खेळाचं एककच एक तास आहे तो तिला अर्धा खेळ म्हणून खेळावा लागत नाही, पूर्ण खेळता येतो. मात्र धावण्याचा आणि उडीचा भाग तिने प्रसूतीनंतर किमान तीन महिने आणि तेही तपासणीनंतरच सुरू करावा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना तो वेळ द्यावाच लागतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप हृदयाचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. सायक्लोक्रॉसची शर्यत म्हणजे तासभर नाडी कमाल मर्यादेच्या जवळ. चाळिशी-पन्नाशीचा, रक्तदाब-साखरेच्या उंबरठ्यावरचा माणूस सहा वर्षांनी परत येतो आणि त्याला आपण हे सांगायचं? त्यापेक्षा हळू, लांब, रमतगमत चालवणं सुरक्षित नाही का? आक्षेप खरा आहे, म्हणूनच मी शर्यत आणि सायक्लोक्रॉसचा प्रकार यांत फरक करते. पहिले दोन-तीन महिने शर्यत नको, आणि सुरुवात डॉक्टरांच्या तपासणीने. चाळिशीनंतर ताणचाचणीबद्दल विचारून घ्यावं. या महिन्यांत पांदणीवरचा तास बोलता येईल इतक्याच दमाने काढायचा, आणि जिथे बोलणं तुटेल तिथे उतरायचं. रोबेअर मारशाँ यांचा दाखला इथे उपयोगी पडतो. हा फ्रेंच माणूस तरुणपणी सायकल चालवत होता, मग पोटापाण्याच्या कामांत अनेक दशकं सुटली, आणि साठी उलटल्यावर परत वळला. शंभराव्या वर्षी त्यांनी तासात सव्वाचोवीस किलोमीटर केले, दोन वर्षांनी जवळजवळ सत्तावीस. या मधल्या काळात वेरोनिक बिया या संशोधक त्यांचा सराव पाहत होत्या. वर्षाला सुमारे 5,000 किलोमीटर, त्यांतला 80 टक्के भाग हलका आणि 20 टक्के जोराचा. ऑक्सिजन वापरण्याची क्षमता 31 वरून 35 वर गेली. शंभरी ओलांडल्यावर. म्हणजे हळू चालवण्याचा आग्रह धरणारे चारपंचमांश बरोबर आहेत. उरलेला एकपंचमांश डांबरी रस्त्यावर एकट्याने ठरवून करणं कठीण जातं. पांदण तो आपोआप करून घेते, दोन मिनिटांचा चढ आणि मग उतरणीचा श्वास. आणि मारशाँ 2017 मध्ये, 105 व्या वर्षी, पुन्हा ट्रॅकवर उतरले तेव्हा तासाला साडेबावीसच झाले होते. तीन वर्षांपूर्वीच्या आपल्याच आकड्यापेक्षा चारहून अधिक किलोमीटर कमी. तरी ते उतरले, हे मला त्या साऱ्या विक्रमांहून मोठं वाटतं.

दुसरा आक्षेप धावण्याचा. सायकलस्वाराचे पाय धावायला सरावलेले नसतात, आणि खंडानंतर तर नाहीतच. मग टाचेची कंडरा, पोटरी दुखावणार. होय, घाई केली तर नक्की दुखावणार. म्हणून धावणं शेवटी यावं. आधी सायकल हातात धरून चालणं, मग खांद्यावर घेऊन चालणं, मग अर्ध्या मिनिटाची दुडकी चाल, तीही मऊ जमिनीवर. पण हाच आक्षेप उलटून पाहिला तर तो माझ्या बाजूने बोलतो. सायकल शरीराचं वजन स्वतः पेलते, म्हणून गुडघ्यांना ती बरी आणि हाडांना अपुरी. वर्षानुवर्षं फक्त रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांच्या मणक्याच्या हाडांची घनता कमी आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. चाळिशीनंतर हाडं तशीही पातळ होऊ लागतात, बायकांची पाळी थांबल्यावर तर वेगाने. हाडाला पावलाचा दणका लागतो, तेव्हा ते स्वतःला बांधत राहतं. ज्या खेळात दर दहा मिनिटांनी जमिनीवर पाय टाकावा लागतो तो परतणाऱ्याचं हे देणं थोडं थोडं फेडत जातो.

काळ्या मातीचा आक्षेप मात्र अस्सल नागपुरी आहे, आणि ज्याने जुलैत कन्हारीतून सायकल ढकलली आहे त्याला तो सांगावा लागत नाही. ही चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, टायरला पोळीसारखी थरावर थर चिकटते, ब्रेक आणि फ्रेममधली जागा भरून टाकते, आणि पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबतं. जोर लावला तर मागचा गिअर बदलणारा हात मोडतो. तेव्हा भर पावसात काळ्या रानात जाऊच नये. तिथे पीक उभं असतं, पांदण ही शेतकऱ्याची जाण्या-येण्याची एकमेव वाट असते, आणि आपल्या चाकांनी तिच्या चाकोऱ्या आणखी खोल करण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. धुऱ्यावरून सायकल घालणं तर अजिबात नको. पावसाळ्यात बरड जमीन धरावी. टेकड्यांच्या उतारावरच्या मुरमाड वाटा पाऊस थांबल्यावर काही तासांत निथळतात, टायरला धरून ठेवत नाहीत, आणि पडलो तर खरचटण्यापलीकडे फारसं होत नाही, कारण वेगच कमी असतो. गोरेवाड्याचं जंगल प्राण्यांचं आहे, तिथे परवानगीशिवाय चाक घालू नये. आणि आकाशात गडगडलं की उघड्या माळावरून निघून यावं. विदर्भात वीज दरवर्षी माणसं घेते, बहुतेक वावरात काम करणारी. काळी कन्हार आपल्या वाट्याला दिवाळीनंतर येते, कापूस वेचणीच्या दिवसांत, तेव्हा ती वाळून भेगाळलेली आणि दगडासारखी खडबडीत असते. तो वेगळा, हातांना हादरे देणारा धडा.

सायकलीचा खर्च हा आक्षेप मला फारसा पटत नाही. खास सायक्लोक्रॉसची सायकल भारतात महाग पडते, हे खरं. पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेतली 33 मिलिमीटरच्या टायरची मर्यादा आपल्याला बांधत नाही. गॅलरीत उभी असलेली माउंटन बाईक किंवा रुंद टायर बसणारी हायब्रिड पुरते. मडगार्ड काढावे, बाटलीची जाळी काढावी म्हणजे खांद्यावर घेताना टोचत नाही, आणि टायरमधली हवा रस्त्यापेक्षा कितीतरी कमी ठेवावी, तळहाताने दाबल्यावर थोडी आत जाईल इतकी. दर खेपेनंतर चेन धुऊन तेल द्यावं. एवढंच.

महत्त्वाचं आहे ते वेळापत्रक, आणि इथे मी नागपूरच्या रूढ पद्धतीशी सरळ वाद घालते. इथे परतणारी माणसं नोव्हेंबरात परततात. थंडी पडते, ब्रेव्हेच्या तारखा जाहीर होतात, उत्साह येतो. पण शरीराला, विशेषतः कंडरांना, जागेवर यायला चार-पाच महिने लागतात, आणि तेवढ्यात होळी येते. मार्चपासून नागपूर तापायला लागतं. मे महिन्यात इथे 47.9 अंशांची नोंद झालेली आहे, 2013 मध्ये. नवतपाच्या दिवसांत सकाळी सातलाच रस्ता चटके देतो. कमावलेलं सगळं मग तीन महिने घरात बसून गमवायचं आणि पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा श्रीगणेशा. कॉइलच्या प्रयोगातले 84 दिवस आपण दर उन्हाळ्यात स्वतःवर करून पाहतो. परतणं मृगात सुरू व्हावं. जूनच्या मध्यावर पाऊस येतो, पारा दहा-बारा अंशांनी उतरतो, आणि ब्रेव्हेवाले घरात असतात म्हणून कोणाशी बरोबरी करायचा प्रश्न नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये बरडीवर चालणं, उतरणं, उचलणं, सप्टेंबरात दम, ऑक्टोबरचं ऊन सांभाळून घेतलं की दिवाळीला शरीर तयार आणि पुढे चार महिने गार हवा. ज्याला ब्रेव्हे करायची आहे त्याने तेव्हा खुशाल करावी. तो तिथे खांदे, पाठ आणि पाय घेऊन जाईल, नुसता हुरूप घेऊन नाही. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला अर्धा तास जरी चालू ठेवला तरी ते 84 दिवस मोडतात.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत जवळचा आहे. हे सगळं आरोग्यासाठी असेल तर शर्यत कशाला? हौशी माणसाने, तेही परतलेल्या, कोणाशी का लढावं? मारियान व्होस या डच सायकलपटूने 2006 ते 2014 या काळात सायक्लोक्रॉसची सात जागतिक विजेतेपदं मिळवली, मग दुखापत आणि अति-सरावाने थकलेल्या शरीरामुळे 2015 चा मोठा भाग तिला बाजूला बसावं लागलं. आठवं विजेतेपद आलं 2022 मध्ये, आठ वर्षांच्या अंतराने. मधल्या वर्षांत ते विजेतेपद तिच्या हाती येत नव्हतं, तरी ती शर्यतीत उतरत होती. तिची प्रतिभा आपल्यात नाही, पण शर्यतीचा तिने जो उपयोग केला तो आपल्यालाही खुला आहे. शर्यत हे जुन्या वहीला सर्वांत पक्कं उत्तर असतं, कारण तिथे समोर आजची माणसं असतात. एकट्याच्या सरावात आपण कायम आपल्याच तरुणपणाशी हरत राहतो. चाळीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये माझ्या पुढे-मागे कोणी कॉलेजातला मुलगा असेल, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी माझ्यासारखीच परतलेली. आणि फेऱ्या वर्तुळात असल्यामुळे थोड्याच वेळात कोण पुढे आणि कोण मागे हे कोणालाच नीट सांगता येत नाही. पुढच्या चिखलात कोण उतरतो आणि कोण रेटतो एवढंच दिसतं.

अशी शर्यत भरवायला नागपुरात फार काही लागणार नाही. शहरालगतची एखादी पडीक मुरमाड जागा, तिच्या मालकाची किंवा वनखात्याची परवानगी, बांबू आणि दोरी, चार फळ्या, एक डॉक्टर, एक घड्याळ आणि शाळेतली पितळी घंटा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेसहाला सुरुवात केली तर ऊन चढायच्या आत तीन गट होतात. फेऱ्या मोजायला दोन माणसं बसवावीत, आणि शेवटी एक नळ हवा, चिखल धुवायला. तिथे रांग लागेल ती निकालाच्या क्रमाने लागणार नाही.